भीती ओळखणारा चिखल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भुताखेतांच्या गोष्टींत एक साधा हिशेब असतो. भूत भीती घालतं आणि माणूस भितो. पिंपळावरचा मुंजा असो, विहिरीवरची हडळ असो की सातासमुद्रापलीकडचा ड्रॅक्युला असो, हिशेब तोच. पण अमेरिकेतल्या कॉमिक पुस्तकांत एक भूत असं आहे की त्याच्या बाबतीत हा हिशेब उलटा मांडावा लागतो. त्याला कुणाला भिववायचंच नसतं. भिववायला मन लागतं, आणि ते त्याच्याकडे नाही. दलदलीतला चिखल, शेवाळ आणि कुजलेला पाला यांचं बनलेलं ते एक धूड आहे. लाल डोळे, तोंडाचा पत्ता नाही, नाकाच्या जागी लोंबत्या मुळ्या. विचार नाही, आठवण नाही, वाचा नाही. एकच गोष्ट त्याला कळते, ती म्हणजे समोरच्याच्या मनात काय दाटून आलंय ते. माया असेल तर ते तिच्याकडे ओढलं जातं. राग असेल तर अस्वस्थ होतं. आणि भीती असेल तर ती त्याला सोसत नाही, दुखते. मग ते त्या भीतीच्या दिशेनं चालत जातं, ती थांबावी म्हणून हात लावतं, आणि त्या हाताखाली माणूस भाजून निघतो. जो भ्यायलेला नाही, त्याला त्याच हातानं काहीही होत नाही.

या धुडाचं नाव मॅन-थिंग. 2005 मध्ये त्याच्यावर त्याच नावाचा एक भयपट निघाला. तो फारसा कुणी पाहिला नाही आणि ज्यांनी पाहिला त्यांनी फारसा वाखाणला नाही. तरी मी आज त्याच्याबद्दल बोलणार आहे, कारण फसलेला चित्रपट कधी कधी चांगल्या चित्रपटापेक्षा जास्त इतिहास सांगून जातो. या चित्रपटानं भूत ठेवलं आणि भीतीचा तो नियम मात्र बाजूला सारला. असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

चिखलातून उठलेल्या या मंडळींची एक वंशावळच आहे. तिचा मूळपुरुष म्हणजे थिओडोर स्टर्जन या लेखकाची 1940 सालची एक कथा. 'अननोन' नावाच्या मासिकात ती आली होती. रानात पडलेल्या एका माणसाच्या सांगाड्याभोवती पालापाचोळा आणि बुरशी जमते, तिला चालता येऊ लागतं, आणि निव्वळ कुतूहलापोटी ती जिवंत प्राणी उकलून पाहू लागते. कथेचं नाव दोन अक्षरांचं, 'इट'. इथं मराठी माणसाला एक गंमत वाटावी. या 'इट'चं आपल्याकडे अगदी चपखल भाषांतर होतं: 'ते'. आमच्या घरच्या दखनी बोलीत नपुंसकलिंग नाही, तिथं भूतही 'वो' आणि वाराही 'वो'. मराठीत मात्र तो, ती आणि ते अशी सोय आहे, आणि भूत हे 'ते'च असतं. माणूस मेला की तो होता त्याचं ते होतं. अमेरिकन लेखकाला जे शीर्षक करून सांगावं लागलं, ते मराठी व्याकरणात आधीपासूनच बसलेलं आहे.

स्टर्जनच्या कथेनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर 1942 च्या 'एअर फायटर्स कॉमिक्स'मध्ये 'द हीप' अवतरला. हीप म्हणजे ढीग. पहिल्या महायुद्धात पोलंडमधल्या दलदलीत कोसळलेला एक जर्मन वैमानिक, मरता मरता जगण्याची इच्छा न सोडल्यामुळे झाडपाल्याचा ढीग होऊन उठतो. युद्ध ऐन भरात असताना, शत्रूच्या सैनिकाचं असं भूत करून मुलांच्या हाती द्यावं, ही तशी नवलाचीच गोष्ट.

पुढं मात्र या भुतांवर बंदीच आली. डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकानं आणि 1954 च्या सिनेट चौकशीनं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःला एक आचारसंहिता घालून घेतली. 'कॉमिक्स कोड' असं तिचं नाव. चालतं प्रेत नको, रक्तपिपासू नको, माणसाचा लांडगा होणं नको, एवढंच काय पण मासिकाच्या नावात 'हॉरर' हा शब्दही नको. वर्थम काही खलपुरुष नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरिबांसाठी त्यानं दवाखाना चालवला होता. पण मुलं कशाला भितात आणि का भितात, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही. जवळजवळ सतरा वर्षं हा कारभार चालला. 1971 च्या सुरुवातीला संहिता सैल झाली आणि तुंबलेलं पाणी सुटावं तशी भुतं पुन्हा बाहेर आली.

त्याच 1971 साली दोन प्रकाशनांनी, एकमेकांना खेटून, दोन दलदलीतली माणसं छापली. मार्व्हलच्या 'सॅव्हेज टेल्स'च्या मे महिन्याच्या पहिल्या अंकात मॅन-थिंग आला. नाव आणि कल्पना स्टॅन ली यांची, पुढची मांडणी रॉय थॉमस आणि गेरी कॉनवे यांची, चित्रं ग्रे मॉरो यांची. हे मोठ्यांसाठीचं कृष्णधवल मासिक असल्यामुळे त्याला संहिता लागू नव्हती. काही आठवड्यांतच डीसी या प्रतिस्पर्धी प्रकाशनाच्या 'हाउस ऑफ सीक्रेट्स'मध्ये लेन वीन आणि बर्नी राइटसन यांचा 'स्वॅम्प थिंग' आला. गंमत म्हणजे कॉनवे आणि वीन तेव्हा एकाच घरात राहत होते. कुणी कुणाचं उचललं, याची चर्चा पुढं पुष्कळ झाली. मला तिच्यात रस नाही. दोघांचा बाप स्टर्जन, एवढं पुरे.

फरक मात्र महत्त्वाचा आहे. स्वॅम्प थिंगच्या चिखलात माणसाचं मन शाबूत राहतं. तो विचार करतो, झुरतो, पुढं बोलूही लागतो. म्हणून त्याचा नायक करता आला, 1982 मध्ये वेस क्रेव्हननं त्याच्यावर चित्रपट काढला, मग दूरदर्शन मालिका झाली आणि तो जगभर ओळखीचा झाला. मॅन-थिंगचं तसं नाही. टेड सॅलिस नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ फ्लोरिडातल्या दलदलीत सैनिकांना अमानवी ताकद देणारं औषध शोधत असतो. जवळच्याच बाईकडून दगा होतो, ते औषध स्वतःला टोचून तो पळतो, आणि गाडीसकट दलदलीत जातो. बाहेर येतं त्याच्यात टेड उरलेला नसतो. अशा पात्राच्या तोंडी संवाद घालता येत नाहीत, कारण तोंडच नाही. त्याला हेतू देता येत नाही. दोन-चार गोष्टींत तो संपायचाच.

तो संपला नाही याचं श्रेय स्टीव्ह गर्बर या लेखकाला. गर्बर आधी जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचा. 1972 च्या अखेरीस 'अ‍ॅडव्हेंचर इंटू फिअर' या मासिकात मॅन-थिंगची गोष्ट त्याच्याकडे आली आणि ऑक्टोबर 1975 पर्यंत ती त्यानं सांभाळली. त्यानं काय केलं? भुताला काही द्यायच्या भानगडीत तो पडलाच नाही. भुताच्या वाटेत येणाऱ्या माणसांच्या गोष्टी त्यानं सांगितल्या. जगण्याला कंटाळून दलदलीत येऊन जीव देणारा सर्कशीतला विदूषक. जाहिराती लिहून लिहून डोक्यात आवाज ऐकू येऊ लागलेला लेखक. हा कुठून आला ते सांगायला नको. शाळेत लठ्ठपणावरून छळ झालेला मुलगा. ही माणसं बोलतात, रडतात, खोटं बोलतात, आणि जवळ ते धूड मुकाट उभं असतं. ते न्याय करत नाही. ते फक्त ओळखतं. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या फाउंटनजवळ फुटपाथवर जुन्या इंग्रजी कॉमिक्सचे गठ्ठे मिळायचे, त्यांत यातला एखाददुसरा अंक मुखपृष्ठ फाटलेल्या अवस्थेत हाती लागे. सुपरमॅनच्या शोधात गेलेल्या पोराला ते काहीतरी निराळंच वाटायचं, एवढं आठवतं.

(जाता जाता सांगतो. याच दलदलीतून 1973 मध्ये एक बोलकं बदकही बाहेर पडलं, 'हॉवर्ड द डक'. ते इतकं लोकप्रिय झालं की त्याच्या मालकीवरून गर्बरला 1980 मध्ये प्रकाशकाविरुद्ध कोर्टात जावं लागलं. पण ती वेगळी कहाणी.)

आता त्या दलदलीकडे येऊ. ती काल्पनिक असली तरी तिचा पत्ता खरा आहे. दक्षिण फ्लोरिडातला एव्हरग्लेड्स हा पाणथळ प्रदेश. ओकिचोबी तळ्याचं पाणी पातळ थराप्रमाणं, मैलोन् मैल, करवती पात्यांच्या गवतातून समुद्राकडे हळूहळू सरकत जातं. मार्जरी स्टोनमन डग्लस या लेखिकेनं 1947 च्या आपल्या पुस्तकात याला दलदल न म्हणता गवताची नदी म्हटलं, आणि लोकांची नजर बदलली. याच प्रदेशाच्या कडेला, बिग सायप्रस भागात, 1968 मध्ये जगातला सर्वांत मोठा विमानतळ बांधायला घेतला गेला. सहा धावपट्ट्या, एकोणचाळीस चौरस मैल जागा. मिकोसुकी आणि सेमिनोल या आदिवासींची वस्ती आणि पूजेच्या जागा त्या परिसरात. डग्लसबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. त्यांनी 1969 मध्ये 'फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स' ही संस्था काढली. त्याच वर्षी सरकारच्याच शास्त्रज्ञांच्या अहवालानं हा विमानतळ झाला तर दक्षिण फ्लोरिडाचं पाणी आणि जीवसृष्टी दोन्ही जातील असं बजावलं. मिकोसुकींचे पुढारी बफेलो टायगर उभे राहिले. शिकारी, निसर्गप्रेमी, आदिवासी असे कधी एकत्र न बसणारे लोक एकत्र बसले, आणि 1970 मध्ये काम थांबलं. तोवर एक धावपट्टी पुरी झाली होती. ती तशीच राहिली. 1974 मध्ये भोवतालचा भाग राखीव झाला.

काम थांबल्यानंतर तीनच वर्षांनी, 1973 मध्ये, गर्बरच्या गोष्टीत एक बांधकाम सम्राट येतो. त्याला दलदल बुजवून विमानतळ बांधायचा असतो, आणि तिथले आदिवासी त्याला अडवतात. सम्राटाचं नाव एफ. ए. शिस्ट. आद्याक्षरांसकट भरभर म्हणून पाहा, 'फॅसिस्ट' ऐकू येतं. विनोद शाळकरी आहे, पण लेखक कोणत्या बाजूला उभा आहे ते लपून राहत नाही. मात्र भूत कुणाच्याही बाजूला उभं नाही. आदिवासी भ्याले तर तेही भाजणार, शिस्टचा मुकादम भ्याला तर तोही. मला वाटतं, या गोष्टींचं सगळं बळ इथं आहे. न्यायाची बाजू घेणाऱ्यालाही आपल्या भीतीचा हिशेब द्यावा लागतो.

आता चित्रपट. मार्व्हल कंपनी 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली होती. त्यातून सावरताना तिनं आपल्या पात्रांचे हक्क निरनिराळ्या चित्रसंस्थांना देऊन टाकले. 2000 साली 'आर्टिझन' या संस्थेबरोबर करार झाला, त्यात ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा पात्रांबरोबर मॅन-थिंगही गेला. दिग्दर्शक ब्रेट लिओनार्ड, 'द लॉनमोवर मॅन'वाला. पटकथा हान्स रोडिओनॉफ यांची. चित्रण झालं ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या आसपास. म्हणजे फ्लोरिडाची दलदल कागदावर लुइझियानात नेली आणि प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियात उभी केली. मधल्या काळात 'आर्टिझन'च विकली गेली. शेवटी अमेरिकेबाहेर काही मोजक्या देशांत चित्रपटगृहांतून दाखवून, 30 एप्रिल 2005 रोजी अमेरिकेत तो 'साय-फाय' वाहिनीवर लागला. तिथल्या चित्रपटगृहांचं दार त्याला उघडलंच नाही.

कथा थोडक्यात अशी. बायवॉटर नावाच्या गावात काइल विल्यम्स हा तरुण शेरीफ रुजू होतो. आधीचा शेरीफ बेपत्ता. दलदलीत माणसं फाडलेली सापडताहेत. शिस्ट इथंही आहे, जॅक थॉम्पसन या जाणत्या ऑस्ट्रेलियन नटानं तो रंगवलाय, पण आता त्याला विमानतळ नको, तेल हवंय. ज्या जमिनीत तो तेल काढतोय ती आदिवासींची पवित्र जमीन. आणि टेड सॅलिस हा आता शास्त्रज्ञ नसून सेमिनोलांचा प्रमुख आहे. शिस्टनं त्याला मारून दलदलीत पुरलंय. तेव्हा जे उठतं ते सूड घ्यायला उठतं. शेवटी शिस्टच्या देहात तेल भरून त्याला संपवलं जातं. हिशेब चुकता.

पटकथाकाराची अडचण मला कळते. ज्याला मन नाही, हेतू नाही, ते धूड दीड तास पडद्यावर फिरवायचं कसं? कशासाठी मारतंय, हे प्रेक्षक विचारणारच. सूड हे त्याचं सर्वांत सोपं उत्तर. आपल्याकडेही रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधल्या सामरीपासून भुतांना हेच एक काम दिलेलं आहे. पण सूड आला की भयपटातली भीती प्रेक्षकाच्या अंगावरून उतरते. शिस्टनं पाप केलं, शिस्ट भोगेल. आपण खुर्चीत सुरक्षित. गर्बरच्या गोष्टीत असं सुरक्षित बसता येत नव्हतं. तिथं प्रश्न भूत वाईट की चांगलं असा नव्हताच. तू भ्यायला आहेस का, एवढाच होता.

मराठीत भीतीला किती शब्द आहेत पाहा. पुढं काय होईल याची ती धास्ती. वडिलांचा किंवा मास्तरांचा असतो तो धाक. कुणीतरी मुद्दाम पसरवतो ती दहशत. आणि आतून, आपली आपल्याला उठते ती भीती. गर्बर या शेवटच्या शब्दाबद्दल लिहीत होता. चित्रपटानं अंधार, किंकाळ्या आणि वेलींनी चिरलेली शरीरं दाखवून दहशतीचं काम चोख केलं, आणि आतल्या भीतीला कथेत कामच उरलं नाही. भाजणारा हात गोष्टीच्या मधोमध होता, तो फाडणारा हात झाला.

तरी त्याला सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. काही पात्रांना त्यानं मूळ कॉमिकच्या लेखक-चित्रकारांची नावं दिली. प्लूग, मेयरिक आणि खुद्द गर्बरही गावातल्या माणसांच्या रूपानं वावरतात. प्रेमानं केलेली गोष्ट आहे ती. आणि दुसरं म्हणजे ते तेल. सेमिनोल लोक लुइझियानाचे नव्हेत, फ्लोरिडाचे आणि ओक्लाहोमाचे. तिथं शहाणपण कमी पडलं. पण लुइझियानाची दलदल तेलानं खाल्ली, हे खरं आहे. तेलवाहतुकीसाठी कालवे खणले, त्यांतून खारं पाणी आत शिरलं, त्यातच मिसिसिपीचा गाळ बांधांनी अडवला, आणि 1932 पासून तिथली सुमारे दोन हजार चौरस मैल किनारजमीन पाण्याखाली गेली. खाजणं बुजताना पाहिलेल्या आपल्या कोकणपट्टीतल्या माणसाला हा आकडा मोठा आणि गोष्ट ओळखीची वाटेल. चित्रपट आल्यानंतर पाच वर्षांनी, 2010 मध्ये, त्याच किनाऱ्यासमोर 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खणणाऱ्या मंचावर स्फोट झाला आणि अकरा कामगार मेले. शिस्टचं तेल पटकथेतली सोय म्हणून आलं असेल, पण ते हवेतून आलेलं नव्हतं.

गर्बर 2008 मध्ये गेला. मॅन-थिंग पडद्यावर परत आला तो 2022 मध्ये, 'वेअरवुल्फ बाय नाइट' या तासाभराच्याही नसलेल्या, बहुतांशी कृष्णधवल चित्रपटात, दुय्यम पात्र म्हणून. तिथं त्याचा जुना नियम त्याला परत मिळाला. एका तरुणीला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं तेव्हा तिचा सोबती तिला सांगतो की त्याला नावानं हाक मार, टेड म्हण. ती हाक मारते आणि वाचते. ज्या बाईनं सगळ्यांना धाकात ठेवलेलं असतं ती मात्र त्याच्या हाताखाली जळून जाते. 2005 च्या दीड तासात जे जमलं नाही ते इथं दोन प्रसंगांत जमलं.

आणि बिग सायप्रसमधली ती एकुलती धावपट्टी? ती पन्नास वर्षं वैमानिकांच्या सरावाला वापरली गेली. 2025 च्या जुलैमध्ये फ्लोरिडा राज्यानं तिच्यावर तंबू ठोकून परदेशी स्थलांतरितांना डांबण्याची छावणी सुरू केली. भोवती मगरी आणि अजगर आहेत, पळून जाणार कुठं, अशी तिची जाहिरात झाली, आणि 'अ‍ॅलिगेटर अल्काट्राझ' असं नाव तिला अभिमानानं दिलं गेलं. तिच्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत पहिलं नाव 'फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स'चं होतं, डग्लसबाईंनी 1969 मध्ये याच धावपट्टीपायी काढलेल्या संस्थेचं. पाठोपाठ मिकोसुकीही त्या खटल्यात सामील झाले. त्यांची गावं तिथून काही मैलांवरच आहेत.